चौथा पंखा

१

दुसऱ्यांची पुस्तकं मोठ्याने वाचायची, हा माझा धंदा. कथा-कादंबऱ्या नव्हेत, त्या ज्यांचा आवाज लोक ओळखतात त्यांच्याकडे जातात. माझ्या वाट्याला येतात नियमावल्या आणि मार्गदर्शकं. गृहसंस्थेची पोटकलमं, विजेच्या जोडणीचे नियम, परीक्षांचे चारशे पानी ठोकळे. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही ती माणसं हे ऐकून अभ्यास करतात. कंपनी पानं पाठवते, मी घरी बसून ती वाचते, आवाज साफ करते आणि फाइली परत पाठवते.

त्याआधी अकरा वर्षं मी शाळेत शिकवत होते. सासूबाई गेल्या, सासऱ्यांना एकटं ठेवता येईना, तेव्हा नोकरी सुटली. कुणी सोडायला लावली असं म्हणायचं नाही, सुटली म्हणायचं. नवरा सकाळी आठला जातो आणि संध्याकाळी सातला येतो. मधले अकरा तास मी आणि बाबा. वाचनाचं काम मिळालं तेव्हा या घरात माझं म्हणून काहीतरी आहे असं पहिल्यांदा वाटलं, आणि ते मी दातांनी धरून ठेवलं.

घर दोन खोल्यांचं. रस्त्याच्या बाजूला बैठक, तिच्यातच स्वयंपाकाचा ओटा, आणि आत एक खोली. आतली खोली बाबांची. तिथे गाड्यांचा आवाज पोचत नाही, म्हणून माझं टेबलही तिथेच गेलं. भिंतींना जुन्या गाद्या उभ्या केल्या, खिडकीवर दुहेरी गोधडी टांगली. बाबांची खुर्ची माझ्या पाठीमागे दोन हातांवर राहिली. खोली त्यांची होती, पण त्यांनी तसं एकदाही बोलून दाखवलं नाही. बाबा वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. पुढे राहून जाईल.

पण दमा त्यांच्या पाचवीला पुजलेला. सांधे धरून बोटं अशी वाकडी झाली होती की दम्याचा पंप त्यांना स्वतः दाबता येत नसे. कुणीतरी तोंडाशी धरून दाबायला लागायचा. दोनदा तो त्यांनी हरवला, तेव्हापासून पंप माझ्या टेबलाच्या खणात. दम लागला की ते हाक मारायचे, सूनबाई. मी वाचन थांबवून खण उघडायचे. त्यांचा जीव त्या एका हाकेवर टांगलेला होता, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण खरा दम दिवसातून एकदा लागे आणि हाका चाळीस. किती वाजले, बाहेर कोण बोलतंय, चष्मा कुठाय. शिवाय खोकला. दर हाकेला आणि दर खोकल्याला एक वाक्य वाया जायचं, आणि ते मी पुन्हा पहिल्यापासून वाचायचे.

२

कंपनीने एकच प्रकरण तिसऱ्यांदा परत पाठवलं. तक्रार खोकल्याची नव्हती, तो मी कापून टाकत असे. तक्रार होती मागे सतत चाललेल्या घूं आवाजाची. तो माझ्या कॉम्प्युटरच्या पंख्यांचा होता. तपासणाऱ्या बाईंनी गोड शब्दांत लिहिलं होतं की पुढची फाइल अशीच आली तर उरलेलं पुस्तक दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याला सगळी गल्ली स्क्रूभाऊ म्हणते. त्याने कॅबिनेट उघडलं, आतल्या धुळीकडे बघून माझ्याकडे बघितलं, आणि पंख्यांवर व्याख्यान दिलं. लहान पंखा जोरात फिरतो म्हणून बोंबलतो, मोठा हळू फिरून तेवढीच हवा ढकलतो. लोखंडी स्क्रूने आवळला तर त्याची थरथर पत्र्यात उतरते, म्हणून रबराच्या खुंट्यांवर बसवायचा. बेअरिंग छर्ऱ्यांचं असेल तर वर्षभराने कुरकुर, तेलातलं असेल तर नवं असताना बरं. मी विचारलं, सगळ्यात शांत कोणता? तो म्हणाला की डब्यावर सगळेच शांत असतात, खरं काय ते तुमच्या खोलीत कळणार. आणि पिशवीतून पाच पंखे काढून ओळीने मांडून ठेवले.

चाचणीची रीत ठरलेली होती. आवाज साफ करणाऱ्या प्रोग्रॅमला आधी रिकाम्या खोलीचा अर्ध्या मिनिटाचा नमुना द्यायचा असतो. त्या नमुन्यात जे जे असेल ते नको असलेलं समजून तो पुढच्या सगळ्या वाचनातून काढून टाकतो. काढलेलं वेगळ्या फाइलीत साचतं, त्याला आम्ही गाळ म्हणतो. स्वच्छ फाइलीबरोबर गाळही पाठवावा लागतो, कारण सफाईत एखादा शब्द वाहून गेला असेल तर तो बाईंना तिथे सापडतो. तर दर पंख्याला एक नवा नमुना, आणि दर नमुन्याला खोली रिकामी. स्क्रूभाऊने बजावलं, "खोलीत माणूस नको. नमुन्यात माणूस आला की तो माणसालाच कचरा समजतो."

पहिल्या पंख्याला बाबांना उठवलं, काठी दिली, बैठकीत नेऊन बसवलं, परत आणलं. दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला त्यांचे गुडघे बोलायला लागले. दर फेरीला पंधरा मिनिटं. चौथा पंखा बसवल्यावर मी बाबांकडे बघितलं आणि माझा पेशन्स संपला. म्हटलं, बाबा, बसा तिथेच, फक्त अर्धा मिनिट चूप. त्यांनी लहान मुलासारखं तोंडावर बोट ठेवलं. स्क्रूभाऊ आणि मी बाहेर आलो, आणि दाराच्या फटीतून मी आत बघत उभी राहिले.

सतराव्या की अठराव्या सेकंदाला बाबा खोकले. खांदे दोनदा उडाले, रुमाल तोंडाशी गेला. मी मनात एक शिवी हासडली, कारण आता हा नमुना वाया गेला होता. पण आत जाऊन पडद्यावर बघितलं तर आवाजाच्या आलेखाची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ होती. पंख्याची घूं नाही, खोकला नाही, काहीच नाही. स्क्रूभाऊ खूश झाला. हाच पंखा त्याने एका बँकेत सहा ठिकाणी बसवला होता म्हणे. मी म्हटलं की बाबा खोकले ना आत्ता. तो म्हणाला की माइक तुमच्या तोंडाकडे रोखलाय, मागचं कमीच घेतो. मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. पाचवा पंखा आम्ही लावून बघितलाच नाही.

३

दुसऱ्या दिवशी मी सलग नऊ पानं वाचली. एकही हाक नाही, एकही खोकला नाही. दहाव्या पानावर मला वाटलं की बाबांना झोप लागली असेल, म्हणून मागे वळले. ते जागे होते. हातात कप होता आणि ते चमच्याने चहा ढवळत होते. चमचा कपाच्या कडेला आपटताना दिसत होता.

आवाज येत नव्हता.

मी कानावरचा हेडफोन काढला. तरी नाही. माझ्या बांगड्या वाजल्या, खुर्ची कुरकुरली, जिन्यात कुणीतरी शिंकलं, ते सगळं नेहमीसारखं ऐकू आलं. बाबांनी माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. ओठ हलले, भुवया वर गेल्या, आणि मध्ये नुसती पोकळी. मी त्यांना पुन्हा बोला म्हटलं. ते पुन्हा बोलले असावेत.

वाचून वाचून कान बधिर झाले असतील, असं मी स्वतःला सांगितलं. आठ तास हेडफोन घालणाऱ्यांना होतं असं. कॉम्प्युटर बंद केला आणि तोंडावर पाणी मारायला उठले. कॅबिनेटमधली पाती मंदावत मंदावत थांबली, आणि मागून बाबांचा आवाज आला, अगदी रोजचा, जरा चिडलेला. ते म्हणत होते की चहात साखर नाही, तीनदा सांगितलं.

मी बटण दाबून कॉम्प्युटर चालू केला. बाबांचं वाक्य मधोमध तुटलं. बंद केला, वाक्याचं शेपूट ऐकू आलं. असं मी सहा वेळा केलं. माझी बुद्धी एकीकडे म्हणत होती की बाई, हे असं होत नसतं, डॉक्टरकडे जा. आणि दुसरीकडे बोट आपलं बटण दाबत होतं. सातव्या वेळी चालू केला तो मी तसाच राहू दिला आणि अकरावं पान उघडलं.

४

करायचं काय ते मला ठाऊक होतं. खोली रिकामी करून नवा नमुना घ्यायचा, नाहीतर पंखा बदलायचा. पाच मिनिटांचं काम. मी रोज ठरवायचे की हे प्रकरण झालं की करू. पण त्या आठवड्यात माझी एकशे चाळीस पानं झाली. तपासणाऱ्या बाईंनी लिहिलं की इतका स्वच्छ आवाज त्यांच्याकडे कुणाचाच येत नाही. अकरा वर्षांच्या शाळेत माझं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं. मला फार फार आनंद झाला, हे कबूल करते.

मी काही राक्षसीण नव्हते. दर अर्ध्या तासाला मागे वळून बघायचे. बाबा तोंड उघडून श्वास ओढताना दिसले तर खणातून पंप काढून द्यायचे. पुढे अर्ध्या तासाचा तास झाला. मग प्रकरण संपलं की बघायचं, असं ठरलं. प्रकरणं काय, लहान-मोठी असतात.

बाबांना कळलं होतं. सुरुवातीला ते काठी आपटायचे. काठी फरशीवर पडताना दिसायची आणि फरशी गप्प. मग ते उठून माझ्या खांद्याला हात लावायला लागले. त्याने मी दचकायचे, वाक्य बिघडायचं. मी त्यांना शाळेतल्या आवाजात सांगितलं, "बाबा, वाचताना मला हात लावायचा नाही. काही झालं तरी नाही." त्यांनी मान हलवली. नंतर एकदा मी पाणी प्यायला बाहेर गेले असताना त्यांनी कॅबिनेटवरचं बटण दाबून यंत्र बंद केलं. आत आले तर ते मोठ्याने बोलत होते, घाईघाईने, कुणी पुन्हा तोंड बंद करायच्या आत सगळं सांगून टाकावं तसे. मी वाचलेलं, न साठवलेलं अर्धं प्रकरण गेलं होतं. मी यंत्र चालू केलं, आणि बटणावर पत्र्याच्या डब्याचं झाकण ठेवून वरून चिकटपट्टी मारली. त्या बोटांना चिकटपट्टी निघणार नव्हती.

संध्याकाळी कॉम्प्युटर बंद झाला की ते मुलाकडे तक्रार करायचे. मी हाका मारतो, हिला ऐकूच जात नाही. नवरा मला म्हणाला की एकदा कान तपासून घे. मग मी संध्याकाळीही यंत्र चालू ठेवायला लागले. सांगितलं की फाइली जायला वेळ लागतो. नवऱ्याला फरक कळेल अशी भीती होती, पण तो बाबांच्या तोंडाकडे बघतो कधी? फोनवरची नजर न काढता तो विचारतो, बाबा, बरं आहे ना? आणि उत्तर आलं असं धरून पुढे जातो. चौथ्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "बाबा हल्ली किती शांत झालेत. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा." आणि हसला. मीही हसले. ताटापलीकडे बाबा आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होते आणि बोलत होते.

५

तपासणाऱ्या बाईंनी एका दुपारी फोन केला. आधी फाइलींचं कौतुक झालं. मग त्या म्हणाल्या की मॅडम, एक विचारू का, तुमच्या गाळात एक म्हातारे गृहस्थ बोलत असतात. आता इतके दिवस मी गाळ न ऐकताच पाठवत होते. आम्ही वाचणाऱ्या सगळ्याच तसं करतो. ज्यातून काही शोधायचंच नाही तो कोण ऐकत बसेल? मी थाप मारली की शेजारचा रेडिओ असेल. बाई म्हणाल्या, "रेडिओ कसा? तुम्ही उत्तरं देता ना त्यांना. किती मायेने बोलता हो तुम्ही. माझी सासू होती तेव्हा मला नाही जमलं."

मी फोन ठेवला. त्या दिवसांत मी बाबांना कसलीही उत्तरं देत नव्हते. ज्याचा प्रश्नच ऐकू येत नाही त्याला उत्तर काय देणार? बाईंनी दोन जणींच्या फाइली एकत्र केल्या असतील, असा मी निष्कर्ष काढला. तो वाईट निष्कर्ष नव्हता. तरी आदल्या दिवशीचा गाळ उघडला आणि हेडफोन लावला.

आधी बराच वेळ हवा वाहावी तशी सूं. मग खोकला, काठीचे दोन ठोके, आणि बाबा. इतक्या दिवसांनी तो आवाज कानाशी आला आणि मला रडू फुटलं. का, ते सांगता येणार नाही. ते म्हणाले, "सूनबाई, चष्मा सापडत नाही गं." मग कुणीतरी खुर्ची मागे सारली. माझीच खुर्ची, तिच्या डाव्या पायाची कुरकुर मी कुठेही ओळखीन. आणि अनवाणी पावलं, एक, दोन, तीन.

मी हेडफोन काढून टेबलावर टाकला. काल सबंध दिवस मी खुर्चीवरून उठले नव्हते. मागे वळले. बाबा खुर्चीत बसून होते, डोळ्यांवर चष्मा होता, आणि चष्मा त्यांना कुणी शोधून दिला हे मी त्यांना विचारलं नाही. विचारून उपयोगही नव्हता, यंत्र चालू होतं. स्वतःच सापडला असेल. माणसाला आपल्या वस्तू आपल्याला सापडत नाहीत का?

६

तो दिवस मंगळवार होता, सकाळचे पावणेबारा. गृहसंस्थेच्या नियमावलीचं शेवटचं प्रकरण चालू होतं आणि एकची मुदत होती. थकबाकीदार सभासदाला नोटीस कशी द्यावी, ते मी वाचत होते. दीड पान उरलं होतं.

वाचताना मी कॉम्प्युटरचा पडदा काळा करून ठेवते, म्हणजे उजेडाने डोळे दुखत नाहीत; पान तसंही कागदावरचंच वाचायचं असतं. त्या काळ्या काचेत मागची खोली दिसते. पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी मला काचेत बाबा उभे दिसले. काठी नव्हती. एक हात स्वतःच्या गळ्याशी होता. तोंड पूर्ण उघडं होतं, इतकं की खालचे दात दिसत होते. ते एक पाऊल पुढे आले, मग आणखी एक, आणि माझ्या कानापाशी वाकून ते जिवाच्या आकांताने ओरडत होते. माझ्या मानेवर त्यांचा श्वास लागत होता. खोलीत फक्त माझा आवाज होता, स्वच्छ, स्वल्पविरामाला थांबणारा.

मला दिसलं नाही, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. इथे कशाला खोटं बोलू? मला दिसत होतं.

त्यांचा दुसरा हात माझ्या खांद्याकडे आला होता. खांद्याच्या चार बोटं वर तो थांबला. त्यांनी मला हात लावला नाही. मी नको म्हणून सांगितलं होतं ना, काही झालं तरी नाही, म्हणून त्यांनी लावला नाही. खण माझ्या गुडघ्याशी होता, पंप खणात होता. मी विचार केला, हे पान झालं की देते. आत्ता थांबले तर परिच्छेद पहिल्यापासून घ्यावा लागेल. हाच विचार, याच शब्दांत. मग मी नोटिशीची मुदत वाचली, ती देण्याची पद्धत वाचली, सचिवाच्या सहीबद्दलची टीप वाचली. काचेतला हात खाली गेला, मग डोकं, मग काच रिकामी झाली. पान उलटताना ते वाजू नये याची मी नेहमीसारखी काळजी घेतली.

चार मिनिटं वीस सेकंद. फाइलीवर वेळ लिहिलेली असते.

ध्वनिमुद्रण थांबवलं, झाकणाची चिकटपट्टी नखाने फाडली, बटण दाबलं. पाती थांबली. मी जमिनीवर बसले आणि बाबांचं डोकं मांडीवर घेतलं. "बाबा, बोला आता," मी म्हटलं. "आता येतं मला ऐकू." पंप त्यांच्या तोंडात धरून मी चार वेळा दाबला. औषध ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलं.

७

डॉक्टर आले आणि त्यांनी वयाचं कारण लिहून दिलं. नवरा दुपारीच घरी आला. मी सांगितलं की मी वाचत होते, मागे वळले तर बाबा खाली पडलेले. त्याने मला दोष दिला नाही. पण त्या आठवड्यात तो दोनदा अंथरुणात उठून बसला आणि म्हणाला की बाबांनी हाक तर मारली असेल. मारलीच असेल ना? मी म्हटलं, नसेल मारली.

मंगळवारची फाइल आणि तिचा गाळ मुदतीत गेले होते. थांबवताना ध्वनिमुद्रण साठलं होतं, त्यामुळे यंत्र पुन्हा चालू केल्यावर सफाई होऊन ते आपोआप गेले. दहाव्या दिवशी तपासणाऱ्या बाईंचा निरोप नवऱ्याच्या फोनवर आला. त्याचा नंबर कंपनीकडे होता. घडलेलं कळलं, फार वाईट वाटलं, हे तुमच्यापाशी असावं म्हणून पाठवते आहे. सोबत गाळ होता. मी त्याच्या हातातून फोन घ्यायला गेले, पण त्याने तोवर लावला होता.

खोकला. फुटका, ओढून ओढून घेतलेला श्वास. "सूनबाई," बाबा म्हणाले. मग किंचाळून, "सूनबाई, पंप." नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता संपलं, आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं.

मग फोनमध्ये खुर्ची मागे सरली. पावलं वाजली. खण उघडला, त्याची लाकडी किंकाळी मी रोज ऐकते. आणि माझा आवाज म्हणाला, "आले, बाबा. हे घ्या. तोंड उघडा. मी आहे ना, घाबरू नका." पंप दोनदा फुसफुसला. बाबांचा श्वास हळूहळू खाली बसत गेला, आणि ते थकून म्हणाले की बरं वाटलं गं.

नवरा ओक्साबोक्शी रडला. त्याने माझे दोन्ही हात धरले. "तू होतीस त्यांच्याजवळ," तो म्हणाला. "मला सांगितलं का नाहीस? निदान तू होतीस." त्याने तो तुकडा सगळ्या नातेवाइकांना पाठवला. आता घरी कुणी आलं की मला जवळ घेतं, आणि अशी सून मिळायला नशीब लागतं म्हणतं. मी मान खाली घालून उभी असते. खरं सांगायला तोंड उघडलं तर कुणाला पटेल? पुरावा माझ्या बाजूने आहे.

महिन्याभराने मी पुन्हा काम घेतलं. स्क्रूभाऊला बोलावून चौथा पंखा काढून घेतला, त्याच्या पिशवीत टाकला, तो जिन्यावरून खाली जाईपर्यंत बघत राहिले. त्या जागी त्याने आधीच दुसरा पंखा बसवला होता. तो जरा घूं करतो, मला चालतो. बाबांची खुर्ची बैठकीत नेली. खोली अगदी रिकामी केली, मीही बाहेर आले, दार लावून घेतलं, आणि नियमाप्रमाणे अर्ध्या मिनिटाचा नवा नमुना घेतला. मग आत जाऊन विजेच्या जोडणीच्या नियमांची पहिली दहा पानं वाचली. एकदाही मागे बघितलं नाही.

सफाई झाल्यावर मी गाळ लावला. आता मी तो ऐकल्याशिवाय पाठवत नाही.

नव्या पंख्याची घूं होती. तिच्या आत कपात चमचा फिरत होता. बाबा कशावर तरी हसले, त्यांना पुन्हा खोकला आला, आणि माझ्या आवाजाने त्यांना हळू प्या म्हटलं. पानभर ती दोघं काही ना काही बोलत राहिली, किती वाजले, बाहेर कोण बोलतंय. मध्येच बाबांचा आवाज बदलला. तो माइकच्या अगदी जवळ आला, माझ्या मानेपाशी वाकून बोलावं तसा, आणि त्यांनी विचारल्यासारखी हाक मारली, "सूनबाई?"

दूरवरून, त्यांची खुर्ची पूर्वी जिथे असे तिथून, माझाच आवाज त्यांना समजावत म्हणाला, "तिला नका हाक मारू, बाबा. ती यायची नाही."